बँडन ड्यून्सचा लाँग वीकेंड : पाच कोर्स, चार दिवस आणि पायांचा हिशेब

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात बँडन नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या उत्तरेला पाच-सहा मैलांवर समुद्राला चिकटून वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांवर बँडन ड्यून्स हे गोल्फ रिसॉर्ट : अठरा होलचे पाच कोर्स. शिवाय पार-थ्रीचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या होलचे, दोन छोटे कोर्स आणि नुसतं पटिंग करायला (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायला) एक अवाढव्य हिरवळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी गोल्फरांच्या गप्पांत ‘एकदा बँडनला जायचंय’ हे वाक्य हमखास येतं. बेत मात्र बहुतेकदा एकाच जागी फसतो. इतक्या लांब जातोय, तर रोज छत्तीस होल खेळू, अशी हाव सुटते. इथे कार्ट, म्हणजे गोल्फची छोटी गाडी, मिळत नाही; वैद्यकीय कारणाचा अपवाद सोडला तर सगळं पायी. एक फेरी म्हणजे दहा-अकरा किलोमीटर चाल, तीही वाळूच्या चढउतारांवर आणि वाऱ्यात. म्हणून कोणते कोर्स खेळायचे यापेक्षा कोणता कधी खेळायचा, हे आधी ठरवावं लागतं.

खालचा आराखडा आठ जणांसाठी, म्हणजे चौघांच्या दोन गटांसाठी आहे. सप्टेंबरचा मध्य, शुक्रवार ते सोमवार. सोमवारची रजा टाकावी लागते. शनिवार-रविवार एवढंच धरून गेलं तर दोन फेऱ्या पदरात पडतात आणि उरलेला वेळ विमानतळावर जातो.

निघण्याआधी

महिना निवडणं म्हणजे वारा निवडणं. उन्हाळ्यात इथे वारा उत्तरेकडून येतो. सकाळी तो नरम असतो, दुपारनंतर ताशी वीस-पंचवीस मैलांवर जाणं नेहमीचं. हिवाळ्यात वादळं दक्षिणेकडून येतात, सोबत पाऊस घेऊन. नोव्हेंबर ते मार्च हा पावसाचा काळ. दर तेव्हा बरेच उतरतात, पण भर हिवाळ्यात दिवस नऊ तासांचा उरतो आणि दुसरी पूर्ण फेरी अंधारात अडकते. जून-जुलैत उजेड रात्री नऊपर्यंत असतो, पण धुकं आणि वारा दोन्ही जोरात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वांत भरवशाचा. मध्य-सप्टेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसातच्या आसपास मावळतो. एका दिवसात छत्तीस होल बसतात, फार ताण न घेता.

हाच काळ सगळ्यांना हवा असतो, त्यामुळे आरक्षण वर्ष-दीड वर्ष आधी करावं लागतं, कधी त्याहूनही आधी. राहण्याची खोली आणि टी-टाइम (फेरी सुरू करण्याची वेळ) एकत्रच मागावेत, कारण टी-टाइममध्ये रिसॉर्टवर राहणाऱ्यांना प्राधान्य असतं. मोसमात एका फेरीची ग्रीन फी तीनशे डॉलरच्या पुढे जाते. त्याच दिवशीची दुसरी फेरी बऱ्याच कमी दरात पडते. हे आमिष ओळखूनच बेत आखावा.

आठ जणांना ग्रोव्ह कॉटेज सोयीची. एका कॉटेजमध्ये चार खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर आणि मधे बसायला सामाईक दिवाणखाना. दोन कॉटेज घेतल्या की काम झालं. संध्याकाळी गुण मांडायला, दुसऱ्या दिवशीच्या जोड्या ठरवायला आणि डबे उघडायला ती मधली खोली फार कामाची. स्वस्तात हवं असेल तर लॉजमधल्या साध्या खोल्या आहेत. खोलीत जागेपणी घालवण्याचा वेळ तसाही कमीच.

पैशांसाठी एकच माणूस नेमावा. आगाऊ रक्कम भरल्यावर कोणी गळालं तर त्याचा वाटा कोण उचलणार, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावं. एक साधा संदेश पुरतो. आठाचे सात झाले की एक गट तिघांचा होतो आणि त्यात अनोळखी चौथा येऊ शकतो. त्यात बिघडत काही नाही, पण सामन्यांच्या जोड्या मोडतात. म्हणून नववा माणूस राखीव ठेवणं शहाणपणाचं.

कॅडीची, म्हणजे बॅग उचलून वाट दाखवणाऱ्या सोबत्याची, मागणी खोलीसोबतच नोंदवावी. चेंबूरला किंवा येरवड्याला गोल्फ शिकलेल्यांना कॅडी नवा नाही. कॅलिफोर्नियात कार्टवर वाढलेल्यांना मात्र तो उधळपट्टी वाटतो. इथे ती उधळपट्टी नव्हे. पहिल्यांदा येणाऱ्याला बरेच फटके आंधळे (लक्ष्य न दिसणारे) असतात, ग्रीनचे (झेंड्याभोवतीच्या हिरवळीचे) उतार डोळ्यांना फसवतात, आणि पाठीवरचं ओझं उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशीही पाय चालतात. कॅडीचे पैसे थेट त्याच्या हातात, रोख. एका बॅगेचे एका फेरीला टिपसह सव्वाशे-दीडशे डॉलर धरून चला. म्हणजे पाच फेऱ्यांचे सव्वासहाशे ते साडेसातशे डॉलर प्रत्येकाने घरूनच सुट्या नोटांत आणावेत. ज्यांना हे जड वाटतं त्यांनी किमान शनिवार-रविवारी कॅडी घ्यावा आणि उरलेल्या दिवशी भाड्याची ढकलगाडी. स्वतः बॅग उचलून पाचही फेऱ्या चालण्याची फुशारकी रविवारी दुपारी उतरते.

बॅग हलकी हवी. कार्टवर बांधायची भली मोठी बॅग आणू नये, दोन पट्ट्यांची साधी कॅरी बॅग पुरे. चौदा क्लब, नऊ चेंडू, पावसाळी जोडी, दोन टॉवेल. चेंडूंचे जास्तीचे डबे खोलीवर ठेवावेत. छत्री आणूच नये, पहिल्या झुळकीत उलटते. त्याऐवजी वाऱ्याला रोखणारं बिनबाह्यांचं जाकीट, डोक्याला घट्ट बसणारी लोकरी टोपी आणि पावसात पकड देणारे हातमोजे, दोन्ही हातांचे. सप्टेंबरातही दुपारचं तापमान अठरा अंशांच्या आसपासच असतं आणि सकाळी त्याहून बरंच कमी. बूट जलरोधक आणि दोन जोड्या. त्या किमान महिनाभर वापरलेल्या असाव्यात. नवे कोरे बूट घालून आलेला माणूस शनिवारी संध्याकाळी टाचेला पट्ट्या चिकटवत बसतो.

पायांची तयारी सहा आठवडे आधी सुरू करावी. आठवड्यातून दोनदा नऊ होल चालत खेळावेत, शनिवारी अठरा. शेवटच्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस अठरा-अठरा. ट्रेडमिलचा इथे फारसा उपयोग नाही. उतारावरून उतरताना गुडघ्याच्या वरचे स्नायू लागतात आणि ते उतारावरच तयार होतात.

हँडिकॅप आणि जोड्या

हे काम विमानात बसण्याआधी उरकावं. हँडिकॅप म्हणजे कमजोर खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. तिचा मूळ आकडा, हँडिकॅप इंडेक्स, सगळीकडे एकच असला तरी कोर्स हँडिकॅप दर कोर्सला आणि दर टीला (होलच्या सुरुवातीच्या जागेला) बदलतो. हिशेब असा : इंडेक्स गुणिले स्लोप (सामान्य खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा), भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचे अपेक्षित फटके) वजा पार (कोर्सचे ठरलेले फटके) मिळवायचं. समजा इंडेक्स १६, स्लोप १३०, कोर्स रेटिंग ७१.५ आणि पार ७२. १६ × १३० ÷ ११३ = १८.४, त्यातून ०.५ वजा, १७.९. म्हणजे १८ फटके. जोडीच्या फोर-बॉल मॅच-प्लेत (प्रत्येकाचा चेंडू वेगळा, जोडीतला चांगला गुण धरून होलगणिक सामना) याचे नव्वद टक्के धरायचे. एकास एक मॅच-प्लेत पूर्ण.

टी निवडताना अहंकार घरी ठेवावा. मधली हिरवी टी पाचही कोर्सवर साधारण ६१०० ते ६३०० यार्डांची आहे. वाऱ्यात ती त्याहून लांब खेळते. ज्यांचा इंडेक्स अठराच्या पुढे आहे त्यांनी सरळ त्याहून जवळच्या सोनेरी टीवर जावं. गटात दोन वेगळ्या टी चालतात, कोर्स हँडिकॅप तो फरक भरून काढतोच.

आठ जणांचे दोन संघ करावेत. शुक्रवारी फोर-बॉलचे दोन सामने, रविवारी सकाळी जोड्या बदलून पुन्हा दोन, सोमवारी एकास एक चार. शनिवारी सकाळी प्रत्येकाने आपापलं स्टेबलफोर्ड (दर होलला गुण मिळवण्याचा प्रकार) खेळावं, कारण त्या कोर्सवर कुणाला सामन्याचं ओझं नको असतं. एका चेंडूवर दोघांनी आळीपाळीने मारायचा फोरसम प्रकार मोठ्या कोर्सवर ठेवू नये. पूर्ण पैसे भरून निम्मेच फटके मारायला मिळाले, अशी कुरकुर हमखास होते. तो छोट्या कोर्सवर मजेचा.

शुक्रवार : पोहोचणं आणि ओल्ड मॅकडॉनल्ड

जवळचा विमानतळ नॉर्थ बेंड. तिथून रिसॉर्ट सुमारे पाऊण तास. सॅन फ्रान्सिस्कोहून युनायटेडचं छोटं विमान येतं, उड्डाण दीड तासाच्या आसपास. दोन गोष्टी बिघडतात. एक, धुकं : सकाळी धावपट्टी दिसली नाही की विमान उशिरा निघतं, रद्द होतं किंवा दुसरीकडे उतरतं. दोन, वजन : पन्नास आसनांच्या विमानात आठ गोल्फ बॅगा चढल्या की एखादी मागे राहू शकते. म्हणून बूट, पावसाळी जोडी, एक हातमोजा आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत. क्लब भाड्याने मिळतात, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. गोल्फ बॅग तेवीस किलोच्या आत ठेवावी आणि ड्रायव्हरच्या डोक्याहून उंच अशी आधाराची काठी आत टाकावी, म्हणजे बॅग डोक्यावर आपटली तरी शाफ्ट वाचतो.

पर्याय म्हणून यूजीन विमानतळ लक्षात ठेवावा. तिथून गाडीने अडीच-तीन तास. आंतरराज्य महामार्ग पाचने दक्षिणेला, ड्रेनजवळून ३८ क्रमांकाच्या रस्त्याने अम्पक्वा नदीच्या काठाने रीड्सपोर्टपर्यंत, मग १०१ ने दक्षिणेकडे. रीड्सपोर्टच्या अलीकडे डीन क्रीकच्या कुरणात एल्क हरणांचा कळप बऱ्याचदा रस्त्यावरूनच दिसतो. धुक्याचा अंदाज वाईट असेल तर गुरुवारी रात्रीच यूजीनला उतरून पहाटे निघणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. बे एरियातून पूर्ण गाडीने यायचं तर पाचशे मैल, नऊ तास. दोघे चालवणारे असतील तरच.

रिसॉर्टच्या आत गाडी लागत नाही. शटल सतत फिरत असतात, फोन केला की दाराशी येतात.

दुपारी एकची टी, ओल्ड मॅकडॉनल्डवर. पहिल्या दिवशी हाच का, तर तो पाचांत सर्वांत रुंद आहे. दुपारचा वारा पूर्ण भरात असतो, प्रवासाने अंग आखडलेलं असतं, आणि इथे वाकडा गेलेला ड्राइव्हही बहुधा सापडतो. टॉम डोक आणि जिम अर्बिना यांनी २०१० साली हा कोर्स केला तो अमेरिकी गोल्फचे आद्य रचनाकार सी. बी. मॅकडॉनल्ड यांना मानवंदना म्हणून. जुन्या प्रसिद्ध होलचे नमुने इथे नव्याने बांधले आहेत : रिडॅन, बियारिट्झ, आल्प्स, रोड, केप. आठव्या बियारिट्झच्या ग्रीनमधून आडवा खोल चर जातो. झेंडा चराच्या पलीकडे असेल तर चेंडू चराआधी टाकून पळवत न्यायचा.

तिसरं होल, सहारा, टीवरून काहीच दाखवत नाही. समोर टेकडी आणि तिच्यावर वाळलेलं एक झाड, ज्याला सगळे भुताचं झाड म्हणतात. कॅडी सांगेल त्या रेषेवर डोळे मिटून मारायचं. टेकडी ओलांडली की पलीकडे अख्खा कोर्स आणि समुद्र उघडतो.

गुण जातात ते ग्रीनवर. ती इतकी मोठी आहेत की ग्रीनवर चेंडू पोहोचूनही शंभर फुटांचा पट उरू शकतो. फेरीआधी सरावाच्या हिरवळीवर तीन फुटांचे पट मारत वेळ दवडू नये. वीस, तीस आणि चाळीस पावलांवरून प्रत्येकी पाच चेंडू मारावेत आणि एवढंच पाहावं की सगळे एका पटरच्या लांबीच्या वर्तुळात थांबतात का. ग्रीनचा वेग इथे मध्यमच ठेवतात. फार वेगवान केली तर वाऱ्यात चेंडू आपोआप चालू लागेल.

इथलं गवत फेस्क्यू. भारतातल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या बर्म्युडासारखं ते चेंडू वर उचलून धरत नाही. बारीक, कडक, खाली वाळू. वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) थोडी जरी मागे टेकली तरी उसळून चेंडूच्या डोक्यावर लागते. म्हणून ग्रीनच्या बाहेर वीस-तीस यार्डांपर्यंत पटरच काढावा. पहिल्या दिवशी हे पटत नाही. (या गवताला चाकांचा भारही सोसत नाही. कार्ट नसण्यामागे परंपरेइतकंच हेही कारण आहे.)

रात्रीचं जेवण मकीज पबमध्ये. मीटलोफ तिथला नावाजलेला, पण शाकाहाऱ्यांना पर्याय मोजकेच, म्हणून आरक्षणातच कळवून ठेवावं. आठांत तीन जरी शाकाहारी असले तरी भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि तिळाची वडी एवढा शिधा बॅगेत असू द्यावा. तेराव्या होलवर खिशातून निघणारी वडी सफरचंदापेक्षा कामाची.

शनिवार : पॅसिफिक ड्यून्स, दुपारी छोटा कोर्स

सकाळी साडेसात-आठची टी. हा कोर्स सगळ्यांच्या यादीत पहिला असतो, तेव्हा तो ताज्या पायांनी आणि नरम वाऱ्यात खेळावा. टॉम डोक यांनी २००१ साली केलेला. पार ७१, आणि मागच्या टीवरून ६६३३ यार्ड. मागचे नऊ होल विचित्र आहेत : चार पार-थ्री, तीन पार-फाइव्ह आणि फक्त दोन पार-फोर. दहावं आणि अकरावं लागोपाठ पार-थ्री. जमिनीने जसं सांगितलं तसं मांडत गेलं की असं होतं. आकडे सुबक बसवण्यासाठी त्यांनी टेकड्या खोदल्या नाहीत.

वाऱ्याची दिशा कळायला इथे होकायंत्र लागत नाही. समुद्र पश्चिमेला आहे. तो उजव्या हाताला असेल तर तोंड दक्षिणेकडे, म्हणजे उन्हाळी वारा पाठीवर. डाव्या हाताला असेल तर तोंड उत्तरेला, वारा तोंडावर. चौथ्या होलला कडा उजवीकडे, म्हणजे लांबलचक पार-फोर असूनही दुसरा फटका लहान क्लबचा. तेराव्याला समुद्र डावीकडे आणि उजवीकडे वाळूचा डोंगर : तिथे यार्डांचा आकडा विसरून नेहमीपेक्षा दोन आकडे लांब पल्ल्याचा क्लब काढावा.

हिशेब थोडक्यात. समोरून ताशी दहा मैलांचा वारा असेल तर अंतरात दहा टक्के मिळवावेत. वीस असेल तर वीस टक्के : दीडशे यार्डांचा फटका एकशे ऐंशीचा समजायचा. पाठीमागचा वारा निम्माच मदत करतो, त्यामुळे दीडशेचे एकशे पस्तीस होतात. वर जमीन कडक, म्हणून वारा पाठीवर असेल तर चेंडू ग्रीनच्या पंधरा-वीस यार्ड अलीकडे टाकावा. सर्वांत जास्त फटके वाया जातात ते समोरच्या वाऱ्यात जोर लावून मारताना. जोराने फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि तिथेच थांबतो. मोठा क्लब, आखूड पकड, तीन-चतुर्थांश स्विंग. अकरावं होल दीडशे यार्डांच्या आत आहे. शांत सकाळी तिथे वेज पुरते, वाऱ्यात पाच नंबरचं आयर्न कमी पडू शकतं.

फेअरवेच्या कडेला काटेरी, पिवळ्या फुलांचं झुडूप दिसतं ते गॉर्स. आयर्लंडमधल्या बँडन गावचा जॉर्ज बेनेट १८७३ साली इथे स्थायिक झाला. गावाला नाव त्याच्या मूळ गावावरून मिळालं आणि हे झुडूपही त्यानेच आणलं. त्यात तेल असतं, पेटलं की विझत नाही. सप्टेंबर १९३६ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं. शिकागोचे शुभेच्छापत्रांचे उद्योजक माइक कायझर यांनी १९९१ च्या सुमारास ही जमीन घेतली तेव्हा ती याच झुडपांनी भरलेली होती. चेंडू त्यात गेला तर हात घालू नये, हातमोजाही फाटतो. आणि कड्यापलीकडे गेलेला चेंडू गेला असंच समजावं. कडा वाळूचा आहे, कडेला भार पडला तर ढासळतो. टीवर जाण्याआधी स्कोअरकार्डवरचे स्थानिक नियम वाचून घ्यावेत, म्हणजे पेनल्टी कुठे आणि दुसरा चेंडू कुठून, यावर चौघांत वाद होत नाही.

साडेबारापर्यंत फेरी संपते. आता खरी कसोटी. हवा छान, दुसरी फेरी स्वस्त, आणि दोघे तरी ‘अजून अठरा’ म्हणणारच. नको. दुपारी तास-दीड तास झोपावं, मग तीनला बँडन प्रिझर्व्ह. रचनाकार कूर आणि क्रेनशॉ यांनी २०१२ साली केलेला तेरा होलचा पार-थ्री कोर्स, प्रत्येक होलवरून समुद्र दिसतो. निव्वळ नफा किनाऱ्याच्या संवर्धनाला जातो. तीन वेज, एक आठ नंबर आणि पटर एवढंच हातात घेऊन निघावं. फोरसम खेळायचा तो इथे, हँडिकॅप न देता. जागा मिळाली नाही तर शॉर्टीज आहे, २०२४ साली उघडलेला एकोणीस होलचा.

संध्याकाळी पॅसिफिक ड्यून्सच्या पहिल्या टीशेजारच्या पंचबोलवर जावं. पटिंगची ही हिरवळ सुमारे एक लाख चौरस फुटांची आहे आणि पाहुण्यांना फुकट. आठ जण, एक चेंडू प्रत्येकी, हरणाऱ्याने शीतपेयं पाजायची.

रविवार : ट्रेल्स आणि बँडन ड्यून्स

छत्तीस होलचा एकच दिवस ठेवायचा, तो हा. क्रमही हाच : सकाळी साडेसातला बँडन ट्रेल्स, दुपारी पावणेदोनला बँडन ड्यून्स. उलट केलं तर ट्रेल्सचे चढ दुसऱ्या फेरीला येतात आणि बाराव्या होलनंतर गप्पा बंद होतात.

ट्रेल्स समुद्राकाठी जात नाही, म्हणून घाईत आलेले लोक तो वगळतात. चूक करतात. कूर-क्रेनशॉ जोडीचा २००५ सालचा हा कोर्स वाळूच्या टेकड्यांत सुरू होतो, कुरणातून जंगलात शिरतो आणि शेवटी पुन्हा वाळूत येतो. कॅडींना विचारलं तर त्यांतले बरेच याचंच नाव घेतात. झाडांमुळे वारा अडतो, पण फक्त खाली. उंच गेलेल्या चेंडूला शेंड्यांवर तो भेटतोच, आणि टीवर उभं असताना गालाला न जाणवलेला वारा क्लब निवडताना फसवतो. जंगलातल्या होलवर झेंडा न पाहता शेंडे पाहावेत.

तेरावं झाल्यावर चौदाव्या टीकडचा चढ इतका आहे की तिथे छोटं वाहन वर नेऊन सोडतं. संकोच न करता बसावं. चौदावं म्हणजे उतारावरचं छोटं पार-फोर, ड्रायव्हरचा मोह पाडणारं. फेअरवे उजवीकडे घसरतो आणि उजवीकडून ग्रीनवर थांबणारा फटका जवळपास नाहीच. हायब्रिड (ड्रायव्हरहून आखूड क्लब) काढावं, डावी बाजू धरावी.

बाराला परत. मधल्या पावणेदोन तासांचा वापर नीट व्हायला हवा : मोजे बदलायचे, बूटही बदलायचे, बसून जेवायचं पण पोटभर नाही. पाण्यासोबत मीठ हवं. थंड हवेत तहान जाणवत नाही आणि पंधराव्या होलवर पोटरीत गोळा येतो.

बँडन ड्यून्स हा इथला पहिला कोर्स, १९९९ सालचा. स्कॉटलंडच्या डेव्हिड मॅकले किड यांना काम मिळालं तेव्हा ते तिशीच्या आतले होते. चाल तुलनेने सोपी, म्हणून दुपारी हाच. चौथ्या होलला फेअरवे उजवीकडे वळतो आणि समुद्र अचानक समोर येतो. पाचवं कड्याच्या कडेने, वाऱ्यात इथलं सर्वांत कठीण. तिथे सहा फटके झाले तरी मनाला लावून घेऊ नये. सोळावं कड्यावरचं पार-फोर, ते पाचच्या सुमारास, ऊन तिरपं झाल्यावर येतं. २०२० ची यूएस अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा इथे झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय वंशाच्या मेघा गन्ने हिने यूएस विमेन्स अमॅच्युअर याच कोर्सवर जिंकली.

एखाद्याचा गुडघा सकाळीच बोलू लागला असेल तर त्याने दुपारची फेरी सोडावी, आणि बाकीच्यांनी त्याला आग्रह करू नये. त्याच्यासाठी गावात जाण्यासारखं आहे : कोकिल नदीच्या मुखावरचं १८९६ चं दीपगृह, फेस रॉक क्रीमरीचं चीज, बंदरावरचा खेकडा. भोवती क्रॅनबेरीचे वाफे. पीक काढायचे दिवस शरदातले.

सोमवार : शीप रँच आणि परतीचा रस्ता

सामान रात्रीच बांधावं. शीप रँच रिसॉर्टच्या उत्तर टोकाला आहे, शटलला वेळ लागतो, तेव्हा साडेसातच्या टीसाठी पावणेसातला खोलीबाहेर. बॅगा लॉजमध्ये ठेवून घेतात. टी सकाळचीच मागून घ्यावी. कूर-क्रेनशॉ यांचा २०२० सालचा हा कोर्स पूर्ण उघड्यावर आहे, नऊ ग्रीन कड्यावर, आडोसा कुठेच नाही. वाळूचा बंकर एकही नाही, कारण इथला वारा वाळू टिकू देत नाही. त्याऐवजी गवताळ खळगे. तिसऱ्या आणि सोळाव्या होलचं ग्रीन एकच आहे, समुद्रात घुसलेल्या टोकावर. तिथे मारण्याआधी दुसऱ्या बाजूने कोणी येतंय का, ते पाहावं.

एकास एक सामन्यांत इथे एक गोष्ट पाहण्यासारखी. बंकर नसल्यामुळे डोळ्याला अंतर मोजायला खूण उरत नाही आणि ग्रीन आहे त्यापेक्षा जवळ भासतं. अंतर मोजणाऱ्या यंत्राचा आकडा खरा धरावा, डोळ्यांचा नाही.

बारापर्यंत फेरी संपते. परतीचं विमान अडीचच्या आधीचं घेऊ नये. गाडीने यूजीन गाठायचं असेल तर संध्याकाळी सहाच्या पुढचं. शटलमध्येच गुण जुळवावेत, कॅडींचे पैसे आणि सामाईक खर्च तिथल्या तिथे चुकते करावेत; घरी गेल्यावर आठवण करून देणं कुणालाच बरं वाटत नाही. ओले बूट वर्तमानपत्रात गुंडाळून गोल्फ बॅगेत टाकावेत, आणि बॅगेचं वजन पुन्हा एकदा करावं. येताना तेवीस किलोच्या आत असलेली बॅग ओल्या कपड्यांनी आणि दुकानातल्या खरेदीने पंचवीसवर गेलेली असते.